श्रवणयंत्र आणि कॉक्लिअर इम्प्लांट दाखवायला कोणता इमोजी, कसं चित्र, कोणता शब्द?

कानगोष्ट

एका वाचा-श्रवण केंद्रासाठी पालकांना द्यायचं मराठी साहित्य तयार होत आहे. ए-५ आकाराचं चार पानी छापील पत्रक, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश, तपासणीच्या तारखेची आठवण देणारे एसएमएस आणि वेबसाइटवरचं एक पान, एवढा पसारा आहे. अडलंय ते असं:

१. 🦻 (श्रवणयंत्र लावलेला कान) हा इमोजी काही फोनवर नीट दिसतो, काहींवर नुसता चौकोन येतो. वेबसाइटच्या फॉर्ममधून पाठवला तर त्याच्यापुढचा मजकूरच गायब होतो. मराठी मजकूर मात्र व्यवस्थित साठतो.

२. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (शस्त्रक्रियेने बसवायचं, श्रवणनाडीला थेट संकेत देणारं यंत्र) इमोजी सापडत नाही. त्याऐवजी 🧏 (कानाजवळ बोट नेलेली कर्णबधिर व्यक्ती) वापरावा असं कुणी सुचवतं, तर कुणाला त्यातून "नीट ऐका" असा अर्थ लागतो.

३. चित्रकाराने काढलेल्या कच्च्या चित्रात श्रवणयंत्र हेडफोनसारखं दिसतंय. नेमकं काय चुकलंय हे त्याला शब्दांत सांगता येत नाहीये.

४. मजकुरात कर्णबधिर, श्रवणबाधित, मूकबधिर यांपैकी काय लिहायचं?

पत्रक कोरल या मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत, जुन्या मराठी फॉन्टमध्ये जुळवलेलं आहे. पालकांचे फोन सगळ्या प्रकारचे आहेत, पाच-सहा वर्षं जुनेही.

---

पायमोडका

पहिल्या प्रश्नात तीन वेगळे आजार आहेत, एकेक घेऊ.

🦻 चा क्रमांक १एफ९बीबी. तो युनिकोडच्या (अक्षरांना आणि इमोजींना क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाण यादीच्या) १२.० आवृत्तीत, म्हणजे मार्च २०१९ मध्ये आला. त्याआधी मार्च २०१८ मध्ये अ‍ॅपलने अपंगत्वाशी संबंधित १३ इमोजींचा प्रस्ताव दिला होता. व्हीलचेअर, पांढरी काठी, कृत्रिम हात-पाय, मदतनीस कुत्रा त्यातलेच, आणि 🧏 सुद्धा. फोनवर ते पोचले २०१९ च्या उत्तरार्धात: आयफोनवर आयओएस १३.२ पासून, इतर फोनवर अ‍ॅन्ड्रॉइड १० पासून. म्हणजे अ‍ॅन्ड्रॉइड ९ किंवा त्याआधीच्या फोनच्या फॉन्टमध्ये हे चित्रच नाही, म्हणून चौकोन. अ‍ॅन्ड्रॉइडवरचं व्हॉट्सअ‍ॅप स्वतःची इमोजी-चित्रं वापरतं, त्यामुळे त्याच जुन्या फोनवर चॅटमध्ये कान दिसतो आणि तोच मजकूर एसएमएसमध्ये चिकटवला की चौकोन होतो. "माझ्याकडे दिसतंय, तुझ्याकडे का नाही" हा वाद इथूनच सुरू होतो.

त्वचेचा रंग निवडला तर मागे आणखी एक चिन्ह जोडलं जातं. जुना फोन ते जोडू शकत नाही, मग चौकोन आणि शेजारी तपकिरी ठोकळा असे दोन तुकडे दिसतात. 🧏‍♀️ मध्ये तर व्यक्ती, अदृश्य जोडचिन्ह, स्त्रीचिन्ह आणि रूपदर्शक (चिन्ह इमोजीच्या रूपात दाखवा असं सांगणारं अदृश्य चिन्ह) असे चार घटक आहेत. तुटलं की चौकोनाशेजारी नुसतं ♀ उरतं. सर्वांना जाणाऱ्या संदेशात रंग आणि लिंग न निवडलेला मूळ पिवळा इमोजीच ठेवा. इथे तुटण्याच्या जागा कमी असणं महत्त्वाचं.

फॉर्ममधला मजकूर गायब होणं ही डेटाबेसची भानगड. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये "यूटीएफ८" नावाने जो प्रकार वर्षानुवर्षं चालत आलाय, तो एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह बरोबर ३ बाइटचं, म्हणून मराठी सुरळीत चालते आणि कुणाला शंका येत नाही. 🦻 ला ४ बाइट लागतात. सर्व्हर कडक असेल तर तो चूक दाखवून नोंद नाकारतो. ढिला असेल तर इमोजीपासून पुढचं सगळं कापून उरलेलं गुपचूप साठवतो. तुमच्याकडे दुसरा प्रकार चाललाय. उपाय म्हणजे तक्ता आणि रकाने "यूटीएफ८एमबी४" मध्ये बदलणं, आणि प्रोग्रॅमच्या जोडणीतही तीच संहिता सांगणं. बरेच जण तक्ता बदलतात आणि जोडणी विसरतात, मग कानाऐवजी प्रश्नचिन्हं येतात. आवृत्ती जुनी असेल तर २५५ अक्षरांच्या रकान्यावरची अनुक्रमणिका अडेल, कारण तिची मर्यादा ७६७ बाइटची असते. चारने भागलं की १९१ अक्षरं बसतात, तेवढ्यावर आणा. बदल करण्यापूर्वी पूर्ण बॅकअप घ्या, हे वेगळं सांगायला नको. आणि आधीच कापल्या गेलेल्या नोंदी यातून परत येत नाहीत.

कॉक्लिअर इम्प्लांटचा इमोजी नाहीच. नवीन इमोजीच्या प्रस्तावासोबत १८ बाय १८ पिक्सेलचा नमुना द्यावा लागत आला आहे. तेवढ्या जागेत कान, प्रोसेसर, वायर आणि केसांतली कॉइल काढून बघा, म्हणजे अडचण कळेल. शिवाय आधीच्या इमोजीने काम भागतं का, हेही तपासलं जातं. "🦻 आहे की" असं कुणीही म्हणेल. माझ्या मते ते म्हणणं चुकीचं आहे. का, ते यंत्राची जाण असलेले लोक नीट सांगतील.

---

उजवा-लाल-डावा-निळा

चुकीचं कसं ते सांगतो, आणि त्यातच तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर येईल. दोन्ही यंत्रांचा एक भाग कानामागे बसतो, म्हणून लांबून सारखी वाटतात. आवाज कुठे जातो ते बघितलं की फरक कळतो.

कानामागच्या श्रवणयंत्रात मुख्य डबी कानाच्या पाळीमागे असते. माइक डबीच्या वरच्या बाजूला असतात. तिथून प्लास्टिकचा आकडा कानाच्या वरच्या मुळावरून पुढे वळतो, त्याला पारदर्शक नळी जोडलेली असते, नळी खाली उतरते आणि कानात बसवलेल्या साच्यात शिरते. मोठा केलेला आवाज या नळीतून कानाच्या छिद्रात जातो. बारीक वायरच्या प्रकारात नळीऐवजी वायर असते आणि छोटा स्पीकर थेट छिद्रात, वर मऊ रबरी टोपी.

कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये कानाच्या छिद्रात सहसा काहीच नसतं. कानामागे प्रोसेसर, त्यातून निघालेली बारीक वायर, आणि ती जाते डोक्यावर चिकटलेल्या गोल कॉइलकडे. ही कॉइल लोहचुंबकाने धरून राहते, कारण त्वचेखाली शस्त्रक्रियेने बसवलेल्या भागातही चुंबक असतो. पुढचं काम आतल्या इलेक्ट्रोडचं. कंपनीनुसार १२ ते २२ इलेक्ट्रोड शंखाकृती अंतर्कर्णात असतात आणि ते श्रवणनाडीला थेट विद्युत संकेत देतात. काही नव्या प्रोसेसरना कानामागचा भागच नसतो, सगळं एका गोल चकतीत, डोक्यावर.

आता चित्रकाराला सांगायचं ते. कच्च्या चित्रात बहुतेक वेळा याच चुका सापडतात:

यंत्र पाळीच्या खाली, डुलासारखं लटकतं. खरं यंत्र वरच्या मुळावर टेकलेलं असतं, चष्म्याची काडी जिथे बसते तिथेच. चष्मा आणि यंत्र दोन्ही दाखवायचे असतील तर काडी आणि आकडा एकाच जागेसाठी भांडतात, तेव्हा काडी डोक्याच्या बाजूला आणि यंत्र तिच्या बाहेर काढा.

नळी पाळीला भोक पाडून मागून पुढे येते. तसं नाही, ती वरून वळसा घालून येते. बाईच्या कानात बुगडी असेल तर नळी तिच्या जवळून जाते. बुगडी काढायला हरकत नाही, फक्त नळी तिच्यात अडकलेली दाखवू नका.

साचा विसरला जातो आणि नळी हवेतच संपते. तुमचं यंत्र हेडफोनसारखं दिसण्याचं कारण बहुधा हेच: साचा नाही, त्याऐवजी छिद्रावर गोल गादी. मुलांचे साचे मऊ आणि बरेचदा रंगीत असतात, कानाच्या आतल्या खळग्याचा आकार घेतलेले. तो वाकडातिकडा आकार काढला की हेडफोनचा भास लगेच जातो.

कॉइल कानाला चिकटवतात. ती कानाच्या वर-मागे, साधारण दोन-तीन बोटांवर असते. व्यास अदमासे ३ सेंमी. केस असलेल्या भागात असल्याने अर्धी झाकलेली दिसली तरी चालेल, पण वायर दिसलीच पाहिजे. वायरशिवाय ती नुसती टिकली वाटते.

कानाकडे येणाऱ्या लहरी, चमकणारे तारे, "आता सगळं ऐकू येतं" असा हसरा चेहरा हे सगळं टाळा. यंत्र लावलं म्हणजे ऐकणं पूर्ववत झालं असा समज पालकांमध्ये आधीच घट्ट असतो, आणि मग वाचाउपचार मध्येच सुटतात. चित्रात मूल आणि समोरची व्यक्ती साधारण एक मीटरवर, समोरासमोर, बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड, असं दाखवलं तर पत्रक थोडं कामाचंही होईल.

शेवटचं, आणि सगळ्यात जास्त चुकणारं. उजव्या यंत्रावर लाल खूण, डाव्यावर निळी, हा जगभरचा संकेत. ऑडिओग्रामवरही (श्रवणतपासणीच्या आलेखावर) उजवा कान लाल गोलाने, डावा निळ्या फुलीने दाखवतात. पानाच्या मांडणीसाठी चित्र आडवं उलटं केलं की लाल खूण डाव्या कानावर जाते. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोतही हेच होतं, काही फोन सेल्फी आरशासारखी उलटीच साठवतात. पालक चित्र बघून यंत्र घालतात, आणि डाव्याचा साचा उजव्या कानात नीट बसत नाही. मग कडेने आवाज निसटतो आणि यंत्र शिट्टी मारतं. चित्र उलटं केलं तर खुणांचे रंग परत बदलून घ्या.

मुलाचा फोटो वापरणार असाल तर पालकांची लेखी संमती घ्याच, आणि मागच्या भिंतीवर किंवा टेबलावर दुसऱ्या कुणाचा नाव लिहिलेला ऑडिओग्राम येत नाही ना ते बघा. असं फार वेळा होतं.

---

खूणगाठ

🧏 बद्दल. त्यातलं बोट कानाजवळ आहे. ती खूण मुळात हलती आहे, बोट कानापासून तोंडाच्या दिशेने जातं. स्थिर चित्रात ती सुरुवातीलाच गोठते, आणि खूण माहीत नसलेल्याला "इकडे कान द्या" असंच वाटणार. तुमच्या लोकांचं काही चुकलेलं नाही. त्यात २०२३ पासून शाळकरी मुलांमध्ये 🤫 पाठोपाठ 🧏 टाकायची टूम आली, जबडा ताठ ठेवण्याच्या गमतीसाठी. कर्णबधिरत्वाशी तिचा काडीचा संबंध नाही. किशोरवयीन मुलांपर्यंत जाणाऱ्या संदेशात 🧏 एकटा टाकलात तर हसू होईल.

शिवाय 🧏 ही व्यक्ती आहे आणि 🦻 ही वस्तू. सांकेतिक भाषा वापरणारे, यंत्र न घालणारे अनेक कर्णबधिर आहेत. त्यांच्यासाठी 🦻 वापरणं म्हणजे चष्मा न लावणाऱ्याला चष्म्याच्या चित्राने ओळखण्यासारखं. उलट यंत्र लावणाऱ्या आणि बोलून व्यवहार करणाऱ्या आजोबांना 🧏 आपला वाटत नाही. तुमच्या साहित्यात यंत्राच्या तपासणीचा विषय असेल तिथे 🦻, लोकांविषयी असेल तिथे शब्द, आणि सांकेतिक भाषेविषयी असेल तिथे व्हिडिओ.

🤟 सुद्धा टाळा. तो २०१७ चा. अमेरिकन सांकेतिक लिपीतली तीन इंग्रजी अक्षरं एका हातात एकत्र करून "माझं तुझ्यावर प्रेम आहे" असा अर्थ होतो. भारतीय सांकेतिक भाषेतली बोटांची मुळाक्षरं मुख्यतः दोन हातांची, त्यामुळे ती जुळणीच इथे लागू नाही. वर लोक घाईत 🤘 टाकतात, त्यात अंगठा आत असतो, आणि तो रॉक संगीतवाल्यांचा. भारतीय खुणा तपासायच्या असतील तर दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ शब्दकोश बघा, त्यात दहा हजारांच्या घरात शब्द आहेत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिचं साहित्यही उपयोगी पडेल.

🙉 आणि 🔇 कधीच नको. पहिलं माकड आहे आणि "मला ऐकायचं नाही" म्हणतं, दुसरं स्पीकर बंद असल्याचं चिन्ह. "सरकार बहिरं झालंय" अशा वाक्यांपुढे 🦻 टाकायची सवयही दिसते. तक्रार सरकारची आणि टोमणा यंत्र लावणाऱ्याला.

शब्दांचं. सर्वसाधारण मजकुरात "कर्णबधिर" चालतं, मराठीत तेच रुळलंय. "मूकबधिर" नको. ऐकू न येणारा माणूस मुका असतो हे त्यात गृहीत धरलंय, आणि ते खोटं आहे. मात्र एखाद्या शाळेच्या नोंदणीकृत नावातच "मूकबधिर विद्यालय" असेल तर नाव आहे तसंच लिहा, पत्ता शोधणाऱ्याची पंचाईत करू नका. "श्रवणबाधित" सरकारी कागदांत शोभतं, तोंडी कुणी म्हणत नाही. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी सरळ "कमी ऐकू येणारे" लिहा. इंग्रजीत मोठ्या आणि लहान आद्याक्षराने सांकेतिक भाषिक समाज आणि निव्वळ श्रवणदोष यांत फरक करतात. देवनागरीत मोठं अक्षरच नाही, तेव्हा तो फरक शब्दांनीच सांगावा लागतो: "सांकेतिक भाषा वापरणारे कर्णबधिर".

प्रमाणपत्राचा उल्लेख असेल तर मात्र कायद्याची व्याख्या पाळा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत बोलण्याच्या वारंवारतांवर ७० डेसिबल श्रवणदोष म्हणजे बहिरेपण, आणि ६० ते ७० म्हणजे कमी ऐकू येणं. पालक यंत्राला "मशीन" म्हणतात. पत्रकात पहिल्यांदा "श्रवणयंत्र, म्हणजे कानाची मशीन" असं एकदा लिहिलं की पुढे श्रवणयंत्र चालेल.

---

कानगोष्ट

सर्वांचे आभार. चित्र उलटं केल्यावर रंग बदलायचा मुद्दा अगदी वेळेवर आला, दुसऱ्या पानावर नेमकं तेच झालंय.

आणखी दोन प्रश्न. सेल बदलण्याच्या सूचनेत 🔋 वापरलाय, तो ठीक आहे का? आणि तरुण मुलांसाठी अवतार किंवा स्टिकर करायचे तर यंत्र दाखवायची सोय कुठे आहे?

---

उजवा-लाल-डावा-निळा

🔋 नको. तो उभा नळकांडी सेल आहे, टीव्हीच्या रिमोटमधला. श्रवणयंत्राचा सेल बटणासारखा, झिंक-एअर प्रकारचा. त्याच्या एका बाजूला बारीक भोकं असतात आणि त्यांवर रंगीत चिकटपट्टी. पट्टी काढली की हवा आत जाऊन सेल जागा होतो. काढल्यावर किमान एक मिनिट तसाच ठेवून मग यंत्रात घालायचा. लगेच घातला तर दाब कमी मिळतो, यंत्र चालू-बंद होतं आणि "नवीन सेलही खराब निघाला" अशी तक्रार येते. पट्टी परत चिकटवून सेल वाचत नाही, हेही एका ओळीत लिहा.

पट्टीचे रंग ठरलेले आहेत: १० क्रमांकाला पिवळा, ३१२ ला तपकिरी, १३ ला केशरी, ६७५ ला निळा. म्हणजे रंगीत गोल इमोजी इथे खरंच कामाला येतात: 🟡 १०, 🟤 ३१२, 🟠 १३, 🔵 ६७५. दुकानात फोन पुढे केला की काम होतं.

पण यात एक खड्डा आहे. 🔵 म्हणजे ६७५ चा सेल, आणि निळा म्हणजे डावा कान. एकाच संदेशात दोन्ही आले तर गोंधळ नक्की. मी म्हणेन, रंगीत गोल फक्त सेलसाठी राखून ठेवा आणि कानासाठी "उजवा", "डावा" हे शब्दच लिहा. सेलचा आकडा गोलाशेजारी असायलाच हवा, काहींना केशरी आणि तपकिरी वेगळे ओळखता येत नाहीत.

चार्जिंगच्या यंत्रांना आणि बहुतेक इम्प्लांट प्रोसेसरांच्या चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांना हे रंग लागू नाहीत, तिथे साधं वाक्यच बरं.

---

पायमोडका

अवतारांचं थोडक्यात. आयफोनच्या मेमोजीत (स्वतःसारखा दिसणारा कार्टून चेहरा) आयओएस १५ पासून, म्हणजे २०२१ पासून, कॉक्लिअर इम्प्लांट आहे. मेटाने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या अवतारांना इम्प्लांट आणि कानामागची श्रवणयंत्रं दिली, एका किंवा दोन्ही कानांना, रंग निवडून. इमोजीला जे जमलं नाही ते इथे जमतं, कारण चित्र मोठं असतं. इम्प्लांट दाखवायचंच असेल तर व्हॉट्सअ‍ॅपसाठी स्वतःचं स्टिकर करा: ५१२ बाय ५१२ पिक्सेल, पार्श्वभूमी पारदर्शक, कडेने पांढरी रेघ. डोकं तीन-चतुर्थांश वळलेलं ठेवा, सरळ समोरून कॉइल दिसत नाही.

आता एसएमएस, त्याचा कुणी उल्लेख केला नाही. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा, मराठी ७० चा. एक जरी देवनागरी अक्षर आलं की पूर्ण संदेश ७० च्या हिशेबात जातो. त्यापुढे गेला की तुकडे पडतात, प्रत्येकी ६७ चे, आणि पैसे प्रत्येक तुकड्याचे. मोजणी आपण मोजतो तशी नसते: काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त सगळे वेगळे धरतात. "श्रवणयंत्र" दिसायला पाच अक्षरं, मोजायला १०. "कॉक्लिअर इम्प्लांट" मधल्या जागेसह १८. 🦻 चे २, त्वचेच्या रंगासह ४, आणि 🧏‍♀️ चे ५. म्हणून एसएमएसमध्ये इमोजी नकोच. जुन्या फोनवर चौकोन येणार आणि त्या चौकोनाचेही पैसे. "यंत्र" हा शब्द ५ मध्ये बसतो आणि सगळीकडे दिसतो.

छपाई. जुन्या मराठी फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर युनिकोड नसतो, रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. त्यात इमोजी चिकटवला तर प्रश्नचिन्हं उमटतात. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केला तरी जुनं कोरल रंगीत फॉन्ट काढत नाही, एक तर काळी बाह्यरेषा किंवा चौकोन येतो. इमोजी हा मजकूर म्हणून छापायचा नाहीच, चित्र म्हणून लावायचा. फोनवरून स्क्रीनशॉट काढून तो मोठा करू नका. गूगलच्या नोटो या रंगीत इमोजी-फॉन्टच्या जुन्या प्रकारात चित्र १३६ बाय १२८ पिक्सेलचं असतं. ३०० डीपीआयला ते सव्वा सेंमीच्या आतच संपतं, त्यापुढे कडा फुटतात. एसव्हीजी (पिक्सेलऐवजी रेषांनी बनलेली) फाइल घ्या, ती कितीही मोठी होते.

परवाना बघून घ्या. अ‍ॅपलची इमोजी-चित्रं छापील पत्रकात वापरता येत नाहीत. गूगलचा नोटो खुल्या परवान्याचा आहे. ट्वेमोजी या इमोजी-संचाची चित्रं श्रेय देऊन वापरता येतात. ओपनमोजी या दुसऱ्या संचाची श्रेय देऊन आणि बदललेलं चित्र त्याच परवान्यावर खुलं ठेवून. पत्रकाच्या शेवटच्या पानावर श्रेयाची एक ओळ सहा पॉइंटमध्ये बसते.

---

वाचिक

वेबपानाचा विषय निघालाच आहे तर. पालकांपैकी कुणी दृष्टिहीन असू शकतं, आजी-आजोबा तर मजकूर बोलून घेतातच. टॉकबॅक किंवा एनव्हीडीए हे मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर इमोजी आला की त्याचं पूर्ण नाव वाचतं, त्वचेचा रंग निवडला असेल तर तोही. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला शोभेसाठी 🦻 टाकलात तर प्रत्येक ओळीआधी ते नाव ऐकावं लागतं. संदेशात एकच, आणि तोही वाक्याच्या शेवटी. शब्दाच्या जागी तर कधीच नको: "उद्या 🦻 घेऊन या" हे वाक्य चौकोन दिसणाऱ्यालाही अर्धवट आणि ऐकणाऱ्यालाही विचित्र. "उद्या श्रवणयंत्र घेऊन या 🦻" हे चौकोन आला तरी पूर्णच राहतं.

वेबपानावर नुसती शोभा असेल तर इमोजीभोवतीच्या खुणेला एरिया-हिडन लावा, अर्थ असेल तर रोल "आयएमजी" देऊन एरिया-लेबलमध्ये मराठी शब्द लिहा. पानाची भाषा मराठी असल्याचं वरच नोंदवा. नाहीतर ते सॉफ्टवेअर इंग्रजी आवाजात मराठी वाचायला लागतं, किंवा देवनागरी गाळूनच टाकतं.

फोटोंना पर्यायी मजकूर द्या, आणि तो नेमका द्या. "श्रवणयंत्र लावलेली आनंदी मुलगी" यातून काहीच कळत नाही. "सातआठ वर्षांची मुलगी, उजव्या कानामागे श्रवणयंत्र, कानात लाल साचा, शिक्षिकेकडे बघतेय" हे पुरे. इम्प्लांट असेल तर "कानामागे प्रोसेसर, वायरने जोडलेली गोल कॉइल डोक्यावर". कॉइलला "बटण" किंवा "चिप" लिहू नका, चिप म्हटलं की पालक मेंदूत काहीतरी बसवलं समजतात. व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळ्या पर्यायी मजकुराची जागा नाही, म्हणून तेच वर्णन फोटोखालच्या ओळीत लिहा. आणि सूचनांचं पूर्ण चित्र करून पाठवू नका. चित्रातला मजकूर टॉकबॅकला नीट वाचता येईल याचा भरवसा नाही, आणि पालकांना तो कॉपीही करता येत नाही.

---

खूणगाठ

वर एक राहिलं. प्रवेशद्वाराच्या पाटीसाठी तिरप्या रेघेने छेदलेला कान वापरतात. ते चिन्ह कर्णबधिरांसाठी सोय असल्याचं सांगतं. त्याच्या कोपऱ्यात इंग्रजी "टी" हे अक्षर असेल तर तिथे लूप यंत्रणा आहे असा अर्थ, म्हणजे खोलीत बसवलेल्या तारेतून येणारा आवाज यंत्रातली टेलिकॉइल (छोटं वेटोळं) थेट पकडते. लूप बसवलेली नसताना शोभेसाठी ते अक्षर टाकू नका. माणूस यंत्र टेलिकॉइलवर करतो, माइक बंद होतो, आणि होतं तेवढंही ऐकू येईनासं होतं.

---

उजवा-लाल-डावा-निळा

पत्रक छापखान्यात देण्याआधी एक प्रत साध्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर काढून बघा. पालक त्याची झेरॉक्स काढून शाळेत देणार, आणि झेरॉक्समध्ये लाल आणि निळा दोन्ही सारखेच करडे होतात. चित्रातल्या खुणांशेजारी "उ" आणि "डा" अशी अक्षरं टाका, किमान आठ पॉइंटची. सेलच्या रंगांशेजारी आकडे आहेतच.